ससा पाळायचा तर आधी लेंड्या ओळखायला शिका

मे महिन्यात नागपुरात पहाटे पाच वाजताही घरातली लादी गार नसते. अशाच एका पहाटे मी आमच्या सशाचा, कापशीचा, ट्रे ओढला आणि तो जवळजवळ रिकामा होता. रात्री अंथरलेला पेपर जसाच्या तसा, कोपऱ्यात लघवीचा एक डाग आणि चार लेंड्या. त्याही मिऱ्याएवढ्या, काळ्या, वाळून टणक झालेल्या. कापशी दिवाणाखाली अंग चोरून बसली होती, डोळे अर्धे मिटलेले. तिला बाहेर काढताना हात कानांना लागला आणि मी दचकले. घरात कूलर चालू असूनही आम्हाला घाम येत होता आणि तिचे कान गार पडले होते. सांभाराची (कोथिंबिरीची) काडी पुढे धरली, जी ती एरवी हातातून ओढून घेते. तिनं तोंड फिरवलं.

मी दुपारपर्यंत थांबले. उन्हानं मलूल झाली असेल, संध्याकाळी खाईल, असं घरातले सगळेच म्हणाले आणि मलाही तसंच वाटायचं होतं. ते सात-आठ तास तिच्या जिवावर बेतले होते. कापशी वाचली, पण चार दिवस दर दोन-तीन तासांनी तिला सिरिंजनं भरवावं लागलं. आधीच्या आठवड्यात घरात पाहुणे होते. लहान मुलांनी हौसेनं बिस्किटं आणि फुटाणे चारले होते, वाळलेलं गवत संपलं होतं आणि मी ते "उद्या आणू" म्हणत होते. सगळ्या खुणा ट्रेमध्ये तीन दिवसांपासून दिसत होत्या. मला त्या ओळखता येत नव्हत्या, एवढंच.

तुम्ही नुकताच ससा आणला असेल किंवा आणायच्या विचारात असाल तर हा लेख तुमच्यासाठी आहे. सशाचं आजारपण बहुतेक वेळा पोटातून सुरू होतं आणि पोटाची बातमी सगळ्यात आधी लेंडी देते. ससा हा शिकार होणारा प्राणी. दुखलं तरी ओरडत नाही, लपवतो. म्हणून त्याच्या चेहऱ्याआधी त्याचा ट्रे बघायचा.

आधी पोट कसं चालतं ते

सशाचं पोट कधीच पूर्ण रिकामं नसतं आणि त्याला उलटी करता येत नाही. आत गेलेलं एकाच दिशेनं पुढे सरकतं. सरकणं थांबलं की सगळंच थांबतं. त्याला सरकवत ठेवण्याचं काम गवतातले लांब, जाड तंतू करतात.

मोठ्या आतड्यात आलं की अन्नाची दोन भागांत वाटणी होते. जाड तंतू पुढे जाऊन गोल, कोरड्या लेंड्या होऊन बाहेर पडतात. बारीक भाग आणि पाणी मागे वळतं आणि सीकम नावाच्या एका मोठ्या पिशवीत जातं. मराठीत तिला उंडुक म्हणतात. माणसात ती अगदी लहान असते, सशात जठरापेक्षा कितीतरी मोठी. तिथे असंख्य जीवाणू त्या अन्नाला आंबवतात, घरी इडलीचं पीठ आंबतं तसंच काहीसं. त्यातून प्रथिनं आणि ब गटातली जीवनसत्त्वं तयार होतात. तयार झालेला माल मऊ, चकचकीत, द्राक्षाच्या बारीक घोसासारखा बाहेर येतो आणि ससा तो थेट गुदद्वाराशी तोंड नेऊन गिळतो. बहुधा रात्री किंवा पहाटे, म्हणून कित्येकांना वर्षभर पाळूनही हे माहीत नसतं.

हे पहिल्यांदा पाहून अनेकजण घाबरतात. माझ्या ओळखीतल्या एका काकूंनी सशाला "घाणेरडी सवय" लागली म्हणून गळ्यात पुठ्ठ्याची पट्टी बांधली होती. कृपा करून असं करू नका. ते त्याचं अर्धं जेवण आहे.

सीकममधल्या जीवाणूंचा तोल फार नाजूक असतो. साखर आणि पिठूळ पदार्थ तिथे पोचले की नको ते जीवाणू वाढतात, गॅस होतो, आतडी मंदावतात. बिस्किटानं काय होतंय, असं वाटतं तेव्हा ही पिशवी आठवा.

पायरी पहिली: ट्रे लावा आणि रोज एकाच वेळी बघा

एक उथळ प्लॅस्टिकचा ट्रे, तळाला वर्तमानपत्राचे चार-पाच थर, वर वाळलेलं गवत. ससा बहुधा ठरावीक कोपऱ्यात बसतो आणि खाता-खाता लेंड्या टाकतो. त्यामुळे गवताची टोपली ट्रेला लागूनच ठेवली की तो आपोआप तिथे जाऊ लागतो. लाकडाचा बारीक भुसा मी वापरत नाही. त्याची धूळ नाकात जाते आणि कोवळी पिल्लं तो खातातही.

निरोगी मोठा ससा दिवसाला साधारण २०० ते ३०० लेंड्या टाकतो. मोजत बसायची गरज नाही. रोज सकाळी चहाच्या आधी ट्रे बघितलात तर पंधरा दिवसांत "आपल्याकडे एवढ्या पडतात" हा अंदाज नजरेत बसतो. मग कमी पडल्या की लगेच खटकतं. ट्रे घरकामाला येणाऱ्या ताई साफ करत असतील तर त्यांना सांगून ठेवा की आधी तुम्हाला दाखवायचा. ही छोटी गोष्ट आहे, पण "दोन दिवसांपासून कमीच होत्या" हे डॉक्टरांसमोर कळून उपयोग नसतो.

दोन ससे एकत्र ठेवले असतील तर कोणाच्या लेंड्या कुठल्या हे कळत नाही. एखाद्याबद्दल शंका आली की एक रात्र मध्ये जाळी लावून त्यांना वेगळं ठेवा. एकमेकांना दिसतील असंच, नाहीतर ताटातुटीचाच ताण येतो.

पायरी दुसरी: लेंडी हातात घ्या

किळस वाटत असेल तर कागदात धरा, पण एक तरी फोडून बघा. चांगली लेंडी गोल, फुटाण्याएवढी किंवा त्याहून थोडी लहान असते. सगळ्या साधारण एकाच मापाच्या असतात. वजनाला हलकी, वरून कोरडी. दोन बोटांत दाबली की थोड्या जोरानं फुटते आणि आत तपकिरी-सोनेरी चोथा दिसतो, उसाच्या चिपाडाचा चुरा असावा तसा. वास जवळजवळ नाही, असला तर वाळल्या गवताचा. हे चित्र पक्कं डोक्यात ठेवा, कारण पुढचं सगळं याच्याशी ताडून बघायचं आहे.

लेंड्या लहान, काळपट आणि टणक होऊ लागल्या तर खाणं किंवा पाणी कमी पडतंय. गवत कमी खातोय, पाणी पीत नाही, दात दुखतोय किंवा उकाड्यानं हैराण आहे, यांपैकी काहीतरी. याला त्याच दिवशी लक्ष द्या. कापशीच्या बाबतीत मी इथेच चुकले.

काही गोल, काही लांबट, काही दोन-दोन चिकटलेल्या, असा वेडावाकडा माल दिसला तर आतडी अडखळत चालली आहेत. एखादी अशी निघाली म्हणून काळजी नको, अर्ध्याहून जास्त ट्रे तसा असेल तर खाणं तपासा.

केसानं गुंफलेली मण्यांची माळ. केस गळण्याच्या दिवसांत हे दिसतंच, कारण ससा अंग चाटतो आणि केस पोटात जातात. रोज मऊ ब्रशनं विंचरा, गवत वाढवा. पोटात केसांचा गोळा झाला म्हणून ससा आजारी पडतो, असं सर्रास सांगतात. खरं म्हणजे सशाच्या पोटात थोडे केस नेहमीच असतात. आतडी मंदावली आणि पाणी कमी पडलं की ते तिथे साठून घट्ट होतात. गोळा विरघळावा म्हणून अननसाचा किंवा पपईचा रस पाजतात, पण त्यानं केस विरघळत नाहीत, उलट साखर तेवढी आत जाते.

मऊ, चकचकीत घोस ट्रेमध्ये तसेच पडलेले किंवा पार्श्वभागाला चिकटलेले दिसले आणि शेजारी कोरड्या लेंड्याही नेहमीसारख्या असल्या, तर हा जुलाब नाही. नवख्या माणसाची सगळ्यात जास्त फसगत इथे होते. रात्रीचे घोस त्यानं खाल्लेच नाहीत, असा याचा अर्थ. बहुतेक वेळा पेलेट (दुकानात मिळणारं गोळ्यांचं तयार खाद्य), फळं किंवा इतर गोडधोड जास्त होतंय आणि त्याला त्या घोसांची भूक उरत नाही, किंवा ते इतके पातळ होतात की खाताच येत नाहीत. ससा लठ्ठ असला किंवा म्हातारपणी कंबर आखडली तर तोंड मागे पोचत नाही. पेलेट अर्ध्यावर आणा, फळ बंद करा, गवत भरपूर द्या. दोन-तीन आठवड्यांत फरक पडायला हवा. नाही पडला तर दात आणि सांधे दाखवून घ्या.

खरा जुलाब वेगळा. पाण्यासारखा पातळ, घाण वासाचा, आणि ट्रेमध्ये कोरड्या लेंड्या अजिबात नाहीत. मोठ्या सशात हे क्वचित होतं आणि झालं तर तातडीचं असतं. दोन-तीन महिन्यांच्या पिल्लात जुलाब म्हणजे तासांचा हिशेब, कारण अंगातलं पाणी झपाट्यानं जातं. पिल्लांमध्ये कॉक्सिडिया नावाच्या परजीवीमुळे असं पुष्कळदा होतं, ते लेंडीच्या तपासणीत कळतं आणि त्यावर औषध आहे. पातळ शी डबीत घेऊन थेट डॉक्टरांकडे जा.

लेंड्यांबरोबर पांढरट, जेलीसारखा चिकट पदार्थ दिसला तर आतड्याला सूज किंवा संसर्ग असण्याची शक्यता असते. तेही त्याच दिवशी दाखवा.

लघवीबद्दल एकच सांगते, कारण तीही त्याच ट्रेमध्ये असते. नारिंगी, विटकरी, कधी लालसर लघवी सशात हिरव्या पाल्यातल्या रंगद्रव्यामुळे होते. पांढरट गढूळ लघवी कॅल्शियममुळे. ससा मजेत असेल तर घाबरू नका. कुंथून कुंथून थेंब-थेंब करत असेल किंवा लालपणात रक्ताची धार वेगळी दिसत असेल तर मात्र डॉक्टर.

पायरी तिसरी: गवत, गवत आणि गवत

सशाच्या आहाराचा ८० टक्के किंवा त्याहून जास्त भाग वाळलेलं गवत असायला हवा आणि ते २४ तास समोर हवं. त्याचे दात आयुष्यभर वाढत राहतात आणि गवत चघळूनच ते झिजतात. दात वाढून टोचायला लागले की खाणं सुटतं, खाणं सुटलं की आतडी थांबतात. म्हणजे गवत दोन्ही टोकं सांभाळतं.

पाकिटातलं टिमोथी गवत पाळीव प्राण्यांच्या दुकानांत आणि ऑनलाइन मिळतं. चांगलं असतं, पण महाग पडतं. मी अर्धं ते आणि अर्धं इथलं देते. शहराच्या कडेच्या गोठ्यांवर आणि चाऱ्याच्या टालांवर हिरवा चारा मिळतो. पहिल्यांदा गेले तेव्हा चारेवाल्या भाऊंनी विचारलं, "ताई, बकऱ्या किती आहेत?" एक ससा आहे म्हटल्यावर त्यांनी एका पेंढीचे पैसेच घेतले नाहीत. नेपियर, मारवेल, हरळी यांपैकी जे मिळेल ते आणा आणि सावलीत, वारा खेळेल अशा ठिकाणी पसरून खडखडीत वाळवा. कडक उन्हात वाळवलं तर रंग आणि वास दोन्ही जातात आणि ससा नाक मुरडतो. पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबरच्या उन्हाच्या दिवसांत, व्हरांड्यात वाळवलेलं माझं गवत सगळ्यात चांगलं निघतं. तेव्हाच पोती भरून ठेवते.

आपल्याकडे कुटार, म्हणजे मळणीनंतर उरणारा बारीक भुसा, सहज मिळतं, म्हणून बरेच जण तेच देतात. ते गायीला ठीक आहे. सशासाठी ते फार बारीक आणि धुळीचं असतं, त्यात लांब काडी नसते. कडब्याची पानं थोडी चालतील, पण मुख्य आहार म्हणून नको. लसूणघासही रोज नको. वाढत्या पिल्लांना ती चांगली, मोठ्या सशाला तिच्यातलं कॅल्शियम आणि प्रथिनं जास्त होतात.

रस्त्याकडेचं गवत स्वतः कापणार असाल तर दोन गोष्टी बघा. गाजरगवत, रुई, कण्हेर यांतलं काही त्यात आलं नाही ना, आणि तिथे तणनाशक मारलेलं नाही ना. शंका असेल तर सोडून द्या.

पोत्यात हात घातल्यावर कुबट वास आला, गवत दमट लागलं किंवा करडी पूड उडाली तर ते सगळं टाका. वरचं चांगलं म्हणून निवडून देऊ नका, बुरशी डोळ्यांना दिसते त्याहून जास्त पसरलेली असते.

बाकीचं खाणं

पाला रोज द्या, सशाच्या वजनाच्या दर किलोमागे साधारण मूठ-दीड मूठ, सकाळ-संध्याकाळ विभागून. सांभार, मुळ्याचा पाला, गाजराचा पाला, पुदिना, शेपू, तुळस, फुलकोबीच्या बाहेरच्या पानांतलं एखादं. गोकुळपेठच्या बाजारात संध्याकाळी भाजीवाले हा पाला तोडून बाजूला टाकत असतात, मागितला तर पिशवीभर देतात. घरी आणून भरपूर पाण्यात धुवा, पिवळी पानं काढा. पालक आठवड्यातून एखाद-दोनदा पुरे. मेथी थोडी. पानकोबीनं काही सशांना गॅस होतो, म्हणून मी देतच नाही.

नवीन कोणताही पाला एकावेळी एकच, दोन-तीन पानं, आणि दुसऱ्या दिवशी ट्रे बघायचा. लेंड्या ठीक असल्या तर थोडा वाढवा. पेलेटचा ब्रँड बदलायचा असला तरी जुन्यात नवं मिसळत सात ते दहा दिवस घ्या. पेलेट दर किलो वजनाला दिवसाला जास्तीत जास्त २५ ग्रॅम, म्हणजे दोन किलोच्या सशाला छोटी अर्धी वाटी, त्याहून कमीच चालेल. रंगीबेरंगी दाणे, मका, बिया घातलेलं मिश्रण घेऊ नका. ससा त्यातलं गोड तेवढं वेचून खातो.

गाजर हे सशाचं अन्न, हे चित्रांमुळे डोक्यात बसलंय. त्यात साखर भरपूर असते. आठवड्यातून एक-दोनदा अंगठ्याच्या नखाएवढा तुकडा, बास. संत्र्याच्या गावात राहून सांगते, संत्रंही तसंच. मोसमात एखादी अर्धी फोड, बी काढून. पोळी, भात, पोहे, मुरमुरे, फुटाणे, बिस्किट, दूध हे काही नाही. कांदा, लसूण, आलू, चॉकलेट तर अजिबातच नाही. घरात पाहुणे आले की पिंजऱ्यावर मोठ्या अक्षरांत चिठ्ठी लावा. मी आता लावते आणि त्याचा कोणाला राग येत नाही.

पाण्याबद्दल एक गैरसमज अजून घरोघरी आहे की ससा पाणी पीत नाही, पाल्यातून त्याला मिळतं. हे चूक आहे. सशाला दर किलो वजनाला दिवसाला ५० ते १५० मिलीलीटर पाणी लागतं, उन्हाळ्यात जास्तच. बाटलीच्या नळीपेक्षा जड मातीचं किंवा चिनी मातीचं भांडं चांगलं, ससा त्यातून मोकळेपणी पितो आणि नळी अडकल्याचं आपल्या लक्षात येत नाही, ती भीतीही राहत नाही.

नागपूरचा उन्हाळा आणि पावसाळा

सशाला घाम येत नाही. अंगातली उष्णता तो मुख्यतः कानांतून बाहेर टाकतो. पारा तिशीच्या वर गेला की त्याला त्रास सुरू होतो आणि आपल्याकडे नवतपात, म्हणजे मेअखेरच्या सगळ्यात तापलेल्या नऊ दिवसांत, तो पंचेचाळीसच्या आसपास असतो. तापलेला ससा खात नाही, न खाणाऱ्या सशाची आतडी मंदावतात. म्हणून मार्च संपता-संपता तयारी करा. पिंजरा गच्चीवर, पत्र्याखाली किंवा पश्चिमेच्या खिडकीत अजिबात नको. घरातली सगळ्यात गार खोली, खाली ओली करून पुसलेली लादी, पिण्याच्या पाण्याची दोन भांडी आणि फ्रीजरमध्ये गोठवलेली पाण्याची बाटली पंच्यात गुंडाळून शेजारी. कूलरचा झोत थेट अंगावर नको. गवत आणि पाला पहाटे व रात्री द्या, दुपारी तो तसंही खात नाही.

कान तापलेले, तोंड उघडून धापा, तोंडाभोवती ओलं, असं दिसलं तर तो उष्माघात. कान साध्या पाण्यानं ओले करा, गार खोलीत न्या आणि निघा. बर्फाच्या पाण्यात बुडवू नका, त्या धक्क्यानंही जीव जातो.

पावसाळ्यात मात्र माशी. पार्श्वभागाला चिकटलेली मऊ विष्ठा किंवा लघवीनं ओले केस दिसले की माशी तिथे अंडी घालते आणि एका दिवसात अळ्या होऊन कातडीत शिरतात. जून ते सप्टेंबर रोज, शक्य तर दोनदा, शेपटीखाली बघा. चिकटलेलं कोमट पाण्यानं ओल्या कापसाने भिजवून काढा आणि पूर्ण कोरडं करा. सशाला पूर्ण अंघोळ घालू नका. अळ्या दिसल्या तर घरगुती उपाय न करता लगेच दवाखाना. गोचीड-पिसवांसाठी कुत्र्यांच्या मानेवर टाकायचं फिप्रोनिलचं औषध सशाला कधीच लावू नका, ते त्याला विषारी आहे.

खाणं थांबलं तर, तासांच्या हिशेबाने

आवडता पाला नाकारला, लेंड्या कमी झाल्या किंवा थांबल्या, कुबड काढून बसलाय, दात करकर वाजवतोय. या अवस्थेला जी. आय. स्टॅसिस म्हणतात, म्हणजे आतड्यांची हालचाल मंदावणं. दुखण्यामुळे खाणं थांबतं आणि न खाल्ल्यानं दुखणं वाढतं, असा तो फेरा आहे.

पहिल्या तासाभरात त्याला शांत खोलीत न्या. पोटाला हलका हात लावा. निरोगी पोट मऊ, कणकेच्या गोळ्यासारखं लागतं. ढोलासारखं ताणलेलं, टणक लागलं आणि ससा एकदम गळून पडला असेल तर गॅस किंवा अडथळा आहे. अशा वेळी काहीही भरवू नका, चोळू नका, सरळ निघा. कान गार असतील तर कोमट पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून शेजारी ठेवा. सशाच्या अंगाचं तापमान साधारण ३८.५ ते ४० अंश सेल्सिअस असतं, ते ३८ च्या खाली घसरणं वाईट लक्षण आहे.

तोवर डॉक्टरांना फोन करा. ससा १० ते १२ तास खात नसेल किंवा लेंड्या पडल्या नसतील तर ती तातडीची वेळ आहे. रात्री बाराला लक्षात आलं आणि शेवटचं खाणं संध्याकाळी सातला होतं, तर सकाळी दवाखाना उघडताक्षणी दारात असा.

पोट मऊ असेल आणि डॉक्टर भरवायला सांगतील तर पेलेट गरम पाण्यात भिजवून, कुस्करून, पातळ खिरीसारखं करा. बिनसुईची सिरिंज पुढच्या दातांमागच्या मोकळ्या जागेतून, बाजूनं घाला. एकावेळी अर्धा-एक मिलीलीटर, तो चघळून गिळेपर्यंत थांबा. घाई केली तर श्वासनलिकेत जातं. ससा मांडीवर टॉवेलात गुंडाळलेला, चारही पायांवर बसलेला असावा, पाठीवर उताणा कधीच नको.

ओवा, हिंग, इनो, ग्राइप वॉटर, घरातली दुखण्याची गोळी यांतलं काही देऊ नका. त्याला वेदनाशामक लागतंच, पण ते सशाच्या वजनानुसार डॉक्टरांनीच ठरवायचं.

डॉक्टर आधी शोधून ठेवा

ससा घरी यायच्या आठवड्यातच हे करा. कुत्र्या-मांजरांचे दवाखाने पुष्कळ आहेत, सशांचा सराव असलेले मोजके. फोन करून विचारा की तुम्ही ससे बघता का, स्टॅसिसमध्ये साधारण काय करता, रात्री कोण असतं. सेमिनरी हिल्सला नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथे दवाखानाही आहे. त्याच्या वेळा आधीच विचारून फ्रिजवर लिहून ठेवा.

एका दवाखान्यात आमच्या दुसऱ्या सशाला शिंकांसाठी गोड चवीचं अमॉक्सिसिलिनचं सिरप लिहून दिलं होतं. दोन डोसांनंतर त्याला पाण्यासारखा जुलाब झाला आणि तिसऱ्या दिवशी तो गेला. त्याचं नाव टिकल्या होतं. पेनिसिलिन, अमॉक्सिसिलिन, क्लिंडामायसिन, लिंकोमायसिन ही प्रतिजैविकं तोंडावाटे दिली तर सीकममधले चांगले जीवाणू मरतात आणि विष तयार करणारे वाढतात. मी तेव्हा चिठ्ठी वाचली नव्हती. आता औषधाचं नाव विचारते आणि नम्रपणे म्हणते, "डॉक्टर, हे सशाला तोंडावाटे चालतं ना?" चांगला डॉक्टर यावर रागावत नाही. तसंच शस्त्रक्रियेआधी सशाला उपाशी ठेवायला सांगितलं तर तेही विचारा. त्याला उलटी होत नाही, मग उपाशी ठेवून फायदा नाही, आतडी थांबण्याचा धोका मात्र आहे.

दवाखान्यात जाताना झाकणाची टोपली, आत टॉवेल, थोडं गवत. शेवटच्या २४ तासांतल्या लेंड्या डबीत. किती वाजता शेवटचं खाल्लं, काय खाल्लं, हे कागदावर लिहून. उन्हाळ्यात ऑटोनं जात असाल तर टोपलीवर ओलं फडकं टाका.

ससा अजून आणलेला नसेल तर दोन महिन्यांच्या आतलं पिल्लू घेऊ नका. बाजारात त्याहून लहान पिल्लं सर्रास दिसतात. आईचं दूध लवकर तुटल्यानं त्यांची पोटं कच्ची असतात आणि पहिल्या आठवड्यातच जुलाबानं जातात. घेताना ते काय खात होतं ते विचारा, तेच आठवडाभर चालू ठेवा आणि मग हळूहळू बदला. शेतात सापडलेलं रानसशाचं पिल्लू मात्र पाळायला आणू नका. तो वेगळा प्राणी आहे आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं त्याला संरक्षण आहे.

कापशीला त्या मे महिन्यात सलाइन, वेदनाशामक आणि भरवणं सुरू केल्यावर दुसऱ्या रात्री साडेतीनच्या सुमारास पहिली लेंडी पडली. लहान, वाकडी, केसानं लडबडलेली. बरं होताना सुरुवात अशीच होते, पहिल्या लेंड्या कुरूपच असतात. त्या दिसल्या म्हणून भरवणं थांबवायचं नाही. ससा स्वतःहून गवत ओढू लागेपर्यंत आणि लेंड्या पुन्हा फुटाण्याएवढ्या होईपर्यंत चालू ठेवायचं. कापशीला चार दिवस लागले. त्यानंतर पंधरा दिवस मी पेलेट पूर्ण बंद ठेवलं, फक्त गवत, सांभार आणि पाणी, आणि रोज पहाटे ट्रे.